जुन्या हॉटेलला नवी ओळख देताना : मेनू, फलक, अक्षरे आणि संकेतस्थळ

सोलापुरात पंचवीस-तीस वर्षे चाललेल्या हॉटेलचा कारभार पुढच्या पिढीच्या हाती येतो, तेव्हा पहिला विषय बहुधा नव्या लोगोचा निघतो. फलक जुना झालेला असतो, मेनूकार्डावर बदललेल्या किमतींच्या चिकटपट्ट्या एकावर एक बसलेल्या असतात, आणि कोणीतरी कधीतरी करून दिलेल्या संकेतस्थळावरचा फोन नंबर आता लागत नाही. हे सगळे एकदम नवे करावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण कामाचा क्रम चुकला, तर नेहमीचे गिऱ्हाईक नव्या फलकाखाली थबकते, मालक बदलले असे समजते आणि पुढच्या हॉटेलात जाते. म्हणून पुढे जे लिहिले आहे त्यात क्रमाला सर्वांत जास्त महत्त्व दिले आहे. काय टिकवायचे ते आधी ठरवावे, मग मेनू हाती घ्यावा, त्यानंतर नाव, अक्षरे आणि रंग पाहावेत, आणि संकेतस्थळ सर्वांत शेवटी करावे.

टिकवायचे काय

पहिले दोन-तीन आठवडे संगणकाला हात न लावता गल्ल्यापाशी बसावे आणि लोक आपल्या हॉटेलला काय म्हणतात ते वहीत लिहून ठेवावे. फलकावर एक नाव असते आणि लोकांच्या तोंडी दुसरेच असते. कोणी चौकाच्या नावाने ओळखतो, कोणी मालकांच्या नावाने, तर कोणी एखाद्या पदार्थाच्या नावाने. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांना आपले हॉटेल सांगून पाहावे आणि ते कोणत्या खुणेने ओळखतात ते ऐकावे. वाढप्यांना आणि आचाऱ्यांना विचारावे, कारण कोणत्या ताटातले काय संपते आणि काय उरते हे मालकापेक्षा त्यांना अधिक नेमके ठाऊक असते.

सोलापूरच्या हॉटेलचे गिऱ्हाईक एका प्रकारचे नसते, हेही या वहीतून स्पष्ट दिसू लागते. पूर्व भागातली तेलुगू बोलणारी कुटुंबे, घरात कन्नड बोलणारी मंडळी, विजयपूर आणि कलबुर्गीकडून कामासाठी येणारे व्यापारी, तुळजापूर, अक्कलकोट आणि पंढरपूरला जाता-येता एक वेळचे जेवण शहरात उरकणारे भाविक, या प्रत्येकाची गरज वेगळी असते. भाविकाला गाडी लावायला जागा आणि उपवासाचे पदार्थ हवे असतात. शहरातल्या कुटुंबाला बसायला निवांत कोपरा हवा असतो. व्यापाऱ्याला लवकर वाढून देणारे हॉटेल हवे असते. आपले मुख्य गिऱ्हाईक यांपैकी कोण, हे ठरल्याशिवाय डिझाइनरला बोलावू नये, कारण ते ठरले नसेल तर तो स्वतःच्या आवडीप्रमाणे काम करील आणि त्याला दोषही देता येणार नाही.

जुना फलक एखाद्या पेंटरने हाताने रंगवलेला असेल, तर तो उतरवण्याआधी समोरून, सरळ रेषेत आणि स्वच्छ उजेडात त्याचे छायाचित्र घ्यावे. अशा अक्षरांना वळण असते, वजन असते आणि ती दुसऱ्या कोणाकडे नसतात. कुशल डिझाइनर त्यांचा माग घेऊन ती व्हेक्टर स्वरूपात, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणाऱ्या रेषांत, पुन्हा काढू शकतो, वाकडी झालेली वेलांटी सरळ करू शकतो, आणि तरीही गिऱ्हाइकाला ती ओळखू येतात. माझ्या मते हाताने रंगवलेले चांगले नाव टाकून बाजारात फुकट मिळणारा फॉन्ट घेणे हा या कामातला सर्वांत मोठा तोटा आहे.

मेनू आधी, लोगो नंतर

तीन महिन्यांची बिले काढून कोणता पदार्थ किती गेला याची यादी करावी. अनेक हॉटेलांच्या मेनूत पंजाबी, चायनीज, दाक्षिणात्य आणि घरगुती असे सगळेच असते; बिले पाहिली की त्यातले बरेच पदार्थ महिन्यात एक-दोनदाच मागवले जातात असे आढळते. ते काढून टाकल्याशिवाय ओळखीचे काम पुढे जात नाही, कारण सर्व काही मिळणाऱ्या हॉटेलविषयी सांगण्यासारखे एक वाक्यही सापडत नाही.

मेनूचे पहिले पान आपल्या भागाच्या आणि आपल्या स्वयंपाकघराच्या पदार्थांना द्यावे. कडक भाकरी, शेंगा चटणी, धपाटे, शेंगा पोळी, भरले वांगे, हंगामात हुरडा, यांतले जे आपल्याकडे खरोखर चांगले होते तेवढेच तिथे असावे. पदार्थाच्या नावाखाली अर्ध्या ओळीचे वर्णन पुरते, पण ते खरे असावे. चटणी अजून उखळात कांडली जात असेल तर तसे जरूर लिहावे. मिक्सरमध्ये होत असेल तर कांडपाचा उल्लेख करू नये. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे भाकरीचे पीठ त्याच ज्वारीचे असेल तरच ते नाव मेनूवर छापावे. बाहेरगावच्या माणसाला कडक भाकरी म्हणजे काय हे ठाऊक नसते. ‘ज्वारीची पातळ, वाळवून कुरकुरीत केलेली भाकरी’ एवढे लिहिले की तो ती निःशंकपणे मागवतो.

भाषांचा प्रश्न इथेच सोडवावा. मराठी आणि इंग्रजी बहुतेक ठिकाणी असतेच. गिऱ्हाईक तसे असेल तर कन्नड आणि तेलुगूतही मेनू करावा. यंत्राकडून भाषांतर करून घेऊन ते थेट छापू नये. ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाकडून प्रत्येक ओळ वाचून घ्यावी, कारण पदार्थाचे नाव चुकले की वाचणाऱ्याचा बाकीच्या मेनूवरचाही विश्वास कमी होतो, आणि सोलापुरात असे वाचणारे आपल्याच गल्लीत सहज सापडतात.

कायद्याच्या बाबी थोड्या आहेत. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणे २०२२ पासून बंधनकारक आहे, म्हणून बिलाचा नवा नमुना करताना त्यासाठी जागा ठेवावी. पदार्थापुढे कॅलरी छापण्याचे बंधन केंद्रीय परवानाधारकांना आणि दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांना आहे. एका शाखेच्या हॉटेलने त्याची चिंता करण्याचे कारण नाही. चटणी पाकिटात भरून विकायची असेल तर मात्र लेबल हे स्वतंत्र काम समजावे. त्यावर घटक, निव्वळ वजन, तारखा, परवाना क्रमांक आणि चौकटीतला हिरवा शाकाहारी ठिपका लागतो, आणि शेंगदाणा हा ॲलर्जी निर्माण करणाऱ्या घटकांच्या यादीत असल्याने त्याचा वेगळा उल्लेख करावा लागतो. मांसाहारी पदार्थाच्या पाकिटावर तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण असतो. पूर्वीचा तपकिरी गोल आता चालत नाही.

नाव आणि फलक

शक्यतो नाव बदलू नये. लोकांच्या तोंडी असलेले छोटे नाव फलकावरच्या लांबलचक नावापेक्षा चांगले वाटत असेल, तर ते मोठ्या अक्षरात आणि पूर्ण नाव त्याखाली लहान अक्षरात घेता येते. नाव बदलणे किंवा नोंदवणे ठरलेच, तर आधी व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) नोंदणी कार्यालयाच्या सार्वजनिक शोध-सुविधेत तसेच किंवा मिळतेजुळते नाव आहे का ते पाहावे. हॉटेल-सेवा वर्ग ४३ मध्ये येते आणि चटणी-मसाले वर्ग ३० मध्ये, म्हणजे दोन्ही करणाऱ्याने दोन्ही वर्गांत अर्ज करावा. नोंदणी १० वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येते. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार केवळ वर्णन करणारी किंवा ठिकाण सांगणारी नावे सहसा नोंदवली जात नाहीत, त्यामुळे ‘सोलापुरी भाकरी केंद्र’ अशा नावावर एकट्याचा हक्क सांगता येईल या आशेने पैसे खर्च करू नयेत.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने फलकावर देवनागरी लिपीतील मराठी नाव सक्तीचे केले आहे. ते सुरुवातीला असावे लागते आणि इतर लिपीतील अक्षरे त्याहून मोठी असू शकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिल्यानंतर याची अंमलबजावणी गंभीरपणे होऊ लागली. परमिट रूम असलेल्या हॉटेलांनी आणखी एक लक्षात ठेवावे : मद्य देणाऱ्या आस्थापनेला थोर व्यक्तींची किंवा गडकिल्ल्यांची नावे घेता येत नाहीत. फलकाचा आकार आणि जागा बदलणार असेल तर महापालिकेच्या परवानगीची चौकशी छपाईच्या आधी करावी.

फलकावरच्या अक्षराच्या उंचीसाठी जुना आणि कामाचा आडाखा असा, की दर दहा फूट अंतरासाठी एक इंच धरावा. रस्त्याच्या पलीकडून, पन्नास फुटांवरून नाव वाचता यायचे असेल तर निदान पाच इंच हवेत. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असल्याने मी नेहमी त्याहून मोठे अक्षर घ्यायला सांगतो. फलकावर पदार्थांची छायाचित्रे, देवाचे चित्र, तीन फोन नंबर आणि ‘शुद्ध व रुचकर’ हे सगळे भरले, तर नावालाच जागा उरत नाही.

अक्षरे, रंग आणि नक्षी

देवनागरी अक्षरांकडे या कामात सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि खरे तर तिथेच ओळख घडते. पुष्कळ डिझाइनर रोमन अक्षरांचा लोगो आधी करतात आणि मराठी नाव मागाहून कसेबसे बसवतात. कामाची सुरुवात मराठी नावापासून करायला सांगावी. फॉन्ट निवडताना ‘भाकऱ्या’, ‘रस्सा’, ‘कढी’, ‘ऑम्लेट’, ‘गुळाची पोळी’, ‘श्रीखंड’ असे शब्द लिहून पाहावेत. ‘ऱ्या’ मधला अर्धा र, ळ, ऑ, आणि जोडाक्षरे नीट दिसली नाहीत तर तो फॉन्ट कितीही देखणा असला तरी बाजूला ठेवावा. मराठी वळणाचा ल आणि श हिंदी वळणाहून वेगळा असतो. काही चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा मराठी नोंदवली की मराठी रूप आपोआप येते. मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळतात आणि व्यवसायासाठी विनामूल्य वापरता येतात, म्हणून मेनू आणि संकेतस्थळाच्या मजकुरासाठी त्यांच्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.

शहरातल्या फ्लेक्स आणि छपाईच्या दुकानांत अजूनही युनिकोड (सर्व संगणकांना आणि फोनना कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर टाइप केला जातो. तो मजकूर तसाच उचलून संकेतस्थळावर टाकला तर निरर्थक चिन्हे दिसतात आणि शोधयंत्रालाही काही कळत नाही. म्हणून मेनूचा मूळ मजकूर एकदाच, युनिकोडमध्ये, नीट तपासून टाइप करावा, आणि छपाई, संकेतस्थळ, स्विगी, झोमॅटो या सगळीकडे तोच वापरावा. एकाच पदार्थाची तीन ठिकाणी तीन शुद्धलेखने दिसू नयेत.

रंग दोन घ्यावेत, फार तर तीन. जुन्या फलकावरचा मुख्य रंग लोकांच्या लक्षात असतो, म्हणून त्याचीच छटा सुधारून घ्यावी. पडद्यावर तेजस्वी दिसणारा रंग छपाईच्या चार शाईंत तसाच उतरतो असे नाही, यासाठी प्रत्येक रंगाचे पडद्यासाठीचे आणि छपाईसाठीचे मूल्य डिझाइनरकडून लिहून घ्यावे. सोलापूरच्या चाळीस अंशांवरच्या उन्हात स्वस्त फ्लेक्सवरचे लाल आणि पिवळे रंग लवकर विटतात. दर्शनी फलक फ्लेक्सवर न करता रंगवलेल्या धातूचा किंवा ॲक्रिलिकच्या उठावदार अक्षरांचा करणे दीर्घकाळात परवडते. संकेतस्थळावर मजकूर आणि त्यामागचा रंग यांच्यातील उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे असा सुगम्यतेचा मान्य निकष आहे. मरून पार्श्वभूमीवर सोनेरी बारीक अक्षरे ही आपल्याकडची आवडती जोडी बहुतेक वेळा वयस्कर माणसाला वाचता येत नाही, हे त्यांच्या हातात फोन देऊन तपासता येते.

नक्षीचा विषय निघाला की सोलापुरी चादरीचे नाव येतेच. जकार्ड मागावर विणलेली ती भौमितिक नक्षी चौकटींच्या जाळीवर बसत असल्याने मेनूच्या कडेला, पार्सलच्या पिशवीवर किंवा संकेतस्थळाच्या पट्टीवर सुरेख उतरते. तरीही ती घेण्याआधी आपल्या हॉटेलचा तिच्याशी काही संबंध आहे का, हे स्वतःला विचारावे. घराण्यात विणकाम असेल, हॉटेल गिरणगावाच्या वस्तीत उभे राहिले असेल, तर ती आपलीच आहे. तसे नसेल, तर स्वयंपाकघरात पाहावे. भाकरीच्या काठावर उमटणारे बोटांचे ठसे, चटणीचा काळसर तांबडा रंग, रोज वापरातले कप्प्यांचे स्टीलचे ताट, यांतून निघालेले चिन्ह शेजारच्या हॉटेलला सहजी उचलता येत नाही. सिद्धेश्वर मंदिराचा कळस किंवा सिद्धेश्वर यात्रेतले नंदीध्वज यांचा वापर व्यवसायाच्या चिन्हात करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ती श्रद्धास्थाने साऱ्या शहराची आहेत आणि हातपुसणीवर छापली जाणे त्यांना शोभत नाही.

डिझाइनरशी करार

करार एका पानाचा असला तरी लेखी असावा. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार बाहेरच्या डिझाइनरने काढलेल्या लोगोचे हक्क केवळ पैसे दिल्याने आपल्याकडे येतात असे गृहीत धरू नये. ते हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘सर्व माध्यमांसाठी’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. लोगोच्या मूळ व्हेक्टर फाइल, एसव्हीजी आणि पीडीएफ प्रती, फॉन्टचे परवाने आणि छायाचित्रांच्या मूळ प्रती शेवटचा हप्ता देण्याआधी ताब्यात घ्याव्यात. डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) आणि होस्टिंग (संकेतस्थळ ठेवायची भाड्याची जागा) हॉटेलच्या स्वतःच्या ईमेलवर आणि मालकाच्या नावाने घ्यावे. डोमेन डिझाइनरच्या नावावर राहिल्यामुळे दोन वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी संकेतस्थळच बंद पडल्याची उदाहरणे कमी नाहीत.

संकेतस्थळ

हॉटेलचे संकेतस्थळ पाहणारा माणूस बहुधा रस्त्यावर, फोनवर आणि भुकेलेला असतो. त्याला उघडे आहे का, कुठे आहे, काय मिळते, किती रुपयांना मिळते आणि फोन कुठे करायचा, हे वर-खाली न शोधता दिसले पाहिजे. मालकांचे मनोगत, हलणारी चित्रफीत आणि आपोआप वाजणारे संगीत यांची त्याला गरज नसते.

मेनू छायाचित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात चढवू नये. तो पानावर मजकूर म्हणून असावा. तसे केले की तो फोनवर मोठा करून वाचता येतो, दृष्टिहीनांच्या वाचक-सॉफ्टवेअरला कळतो, आणि ‘सोलापुरात कडक भाकरी कुठे मिळते’ असे शोधणाऱ्याला आपले पान सापडू शकते. किंमत बदलणे मालकाला स्वतःला जमेल अशीच व्यवस्था बनवून घ्यावी. पानाच्या संहितेत (कोडमध्ये) मराठी मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली असावी आणि हॉटेलचा पत्ता, वेळा व मेनू शोधयंत्रांना वाचता येईल अशा संरचित माहितीच्या रूपातही द्यावा.

पान लवकर उघडले पाहिजे. मुख्य मजकूर किंवा चित्र २.५ सेकंदांच्या आत दिसावे असा गुगलचा निकष आहे, आणि तो बिघडतो तो बहुधा कॅमेऱ्यातून जशाच्या तशा चढवलेल्या छायाचित्रांमुळे. प्रत्येक छायाचित्र वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात आणि शक्यतो २०० केबीच्या आत ठेवावे. छायाचित्रे आपल्याच पदार्थांची, आपल्याच भांड्यांत, सकाळच्या खिडकीजवळच्या उजेडात घ्यावीत. विकत घेतलेली परक्या थाळीची चित्रे वापरू नयेत. ताट समोर आल्यावर गिऱ्हाईक तुलना करतेच, शिवाय दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे.

वेळांबाबत विशेष काटेकोर राहावे. मुंबईहून येणारी वंदे भारत २०२३ पासून रात्री उशिरा सोलापुरात पोहोचते. त्या गाडीतून उतरलेल्या माणसाला हॉटेल बंद होण्याची वेळ कळून उपयोग नाही, त्याला शेवटची ऑर्डर किती वाजेपर्यंत घेतात ते हवे असते. साप्ताहिक सुटी, मांसाहार बंद असलेले दिवस आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, काळातल्या वेगळ्या वेळा संकेतस्थळावर आणि गुगल बिझनेस प्रोफाइलवर एकाच दिवशी बदलाव्यात. त्या प्रोफाइलमध्ये मुख्य वर्ग ‘रेस्टॉरंट’ असा निवडावा; आपण बोलताना हॉटेल म्हणतो म्हणून ‘हॉटेल’ निवडले, तर गुगल ते राहण्याचे ठिकाण समजते आणि लोक खोल्यांचे भाडे विचारतात.

टेबल राखण्यासाठी नाव आणि फोन नंबर घेत असाल, तर तो कशासाठी घेतला ते तिथेच लिहावे आणि जाहिरातीचे संदेश पाठवायचे असतील तर वेगळी संमती घ्यावी. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची दिशा तीच आहे.

बदल कधी आणि कसा करावा

दिवाळी, गड्डा आणि आषाढी वारी या गर्दीच्या दिवसांत बदल करू नये. मांसाहारी हॉटेलसाठी श्रावण हा सोयीचा काळ असतो, कारण गिऱ्हाईक कमी असते आणि नव्या मेनूवर वाढप्यांना तयार करायला वेळ मिळतो. फलक, मेनू, बिल, पार्सलच्या पिशव्या, गुगल, स्विगी आणि झोमॅटो हे सर्व एकाच आठवड्यात बदलावे. जुन्या पिशव्या संपेपर्यंत वापरायच्या असतील तर त्यांच्यावर नव्या चिन्हाचा शिक्का मारावा. संकेतस्थळाचा पत्ता बदलला असेल तर जुने डोमेन सोडू नये. जुन्या प्रत्येक पानावरून नव्या पानाकडे ३०१ प्रकारचे कायमचे पुनर्निर्देशन लावावे आणि टेबलावरचे जुने क्यूआर कोड अजून चालतात का ते प्रत्येक टेबलाजवळ जाऊन पाहावे.

पहिल्या दिवसापासून वाढप्यांना एक वाक्य नीट सांगून ठेवावे, कारण गिऱ्हाईक प्रश्न त्यांनाच विचारणार आहे. मालक तेच आहेत, आचारी तेच आहेत, काय बदलले आणि का बदलले, हे त्यांना सांगता आले पाहिजे. मेनूतून काढलेला पदार्थ कोणी मागितला तर नाही म्हणण्याआधी ती मागणी वहीत नोंदवावी. तीन महिन्यांनी ती वही आणि बिले पुन्हा शेजारी ठेवावीत, आणि ज्या पदार्थाची मागणी सतत येत राहिली असेल तो पुढच्या छपाईत परत घ्यावा.